हाडीमाशी खिळलेली भाकरी

उत्खननात सापडलेल्या हाडावरून तो माणूस काय खात होता हे ओळखण्याची जी विद्या आज जगभर चालते, तिचं एक मूळ उसात आहे. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये मी केमिस्ट होतो. ब्रिक्स, पोल, उतारा, मळीत निसटून गेलेली साखर, यातच हंगामामागून हंगाम गेले. उसाच्या रसात साखर किती हे मी झोपेतही काढून दिलं असतं. ऊस ती साखर करतो कशी, हा प्रश्न मात्र गळीत चालू असताना कुणाला पडत नाही आणि गळीत संपल्यावर मशिनरीच्या दुरुस्तीत कुणाला आठवत नाही.

हवाई बेटांवर ऊसमळेवाल्यांची एक संशोधन संस्था होती. तिथं ह्यूगो कॉर्टशाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उसाच्या पानाला किरणोत्सारी कार्बन दिला आणि तो पहिल्यांदा कुठल्या संयुगात दिसतो ते तपासलं. तोवरच्या ज्ञानाप्रमाणं तो तीन कार्बनच्या संयुगात दिसायला हवा होता. दिसला तो चार कार्बनच्या आम्लांत. हे काम १९६५ मध्ये छापून आलं. मग ब्रिस्बेनमध्ये, तेही एका साखर कंपनीच्याच प्रयोगशाळेत, हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक या दोघांनी १९६६ मध्ये कार्बन साखरेपर्यंत ज्या वाटेनं पोचतो त्या वाटेचा उलगडा केला. चार कार्बनची म्हणून ती सी-फोर वाट. गहू-तांदळाची जुनी वाट सी-थ्री.

आपल्याकडचं जवळपास सगळं जेवण या दोन खात्यांत मांडता येतं. ऊस, ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, वरी, राळा ही सी-फोर. गहू, तांदूळ, जव, तूर, हरभरा, हुलगा, भुईमूग, करडई, भाजीपाला, तासगावची द्राक्षं आणि सांगलीची हळद ही सगळी सी-थ्री. आता नकाशा डोळ्यापुढं आणा. पश्चिमेला जावळी-पाटणच्या डोंगरात नाचणी आणि वरी, पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळावर शाळू आणि बाजरी, मधे कृष्णाकाठी नजर पोचेल तिथवर ऊस. डोंगरात, माळावर आणि काठावर, तिन्हीकडं सी-फोरचंच राज्य. या विद्येला इतका रुचेल आणि तितकाच अडचणीत टाकेल असा मुलूख दुसरा शोधून काढावा लागेल.

हवेतल्या कार्बनच्या दर शंभर अणूंमागे साधारण एक अणू जरा जड असतो, कार्बन-१३. तो किरणोत्सारी नाही. हजारो वर्षं होता तसाच राहतो. गव्हाच्या पानात कार्बन पकडणारं जे विकर असतं ते या जड अणूला शक्यतो टाळतं. उसाच्या नि ज्वारीच्या पानात कार्बन आधी वेगळ्याच विकराच्या हाती लागतो आणि मग आतल्या बंदिस्त पेशींत ढकलला जातो. तिथून परत फिरायला फारशी वाट नसल्यानं निवडानिवडीला वाव राहत नाही. म्हणून सी-फोर वनस्पतींत जड कार्बन किंचित जास्त. एका ठरावीक चुनखडीशी ताडून हा फरक दर हजारी मोजतात; तिच्यापेक्षा जड कार्बन कमी म्हणून आकडे उणे: गहू-तांदूळ उणे २६-२७ च्या आसपास, ज्वारी-ऊस उणे १२-१३ च्या आसपास, आणि मधली जागा जवळजवळ मोकळी. निसर्गात इतकी स्वच्छ फट क्वचित मिळते.

खाल्लेल्या अन्नातला कार्बन हाडातल्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनात जाताना साधारण पाच अंकांनी वर सरकतो. म्हणजे नुसत्या गहू-तांदळावर वाढलेल्या माणसाचं हाड उणे २१ च्या जवळ बसेल, नुसत्या ज्वारीवरचं उणे ७ च्या जवळ. हे माणसांवर पहिल्यांदा वापरलं ते योहान फोगेल आणि निकोलास व्हान डर मर्व यांनी, १९७७-७८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या जुन्या सांगाड्यांवर. शिकार करून जगणाऱ्यांची हाडं पुरती सी-थ्री निघाली आणि मका पिकवणाऱ्या नंतरच्या लोकांची ठळकपणे वर सरकलेली. त्या जंगलात सी-फोर अन्न दुसरं फारसं नव्हतंच, त्यामुळं जे सरकलं ते मक्यानंच.

करण्याची रीत लॅबवाल्याला ओळखीची वाटेल अशी आहे. हाडाचा तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवायचा. कॅल्शियमचा भाग विरघळतो आणि वाकवता येईल असा मऊ सांगाडा उरतो. तो कोमट आम्लाच्या पाण्यात विरघळवून गाळायचा, गोठवून सुकवायचा, आणि त्यातला मिलिग्रॅमच्या आसपास नमुना जाळून निघालेला वायू हलके-जड अणू वेगळे मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडायचा. कार्बन आणि नायट्रोजनच्या अणूंचं गुणोत्तर २.९ ते ३.६ च्या बाहेर गेलं तर कोलॅजेन बिघडलं आहे असं समजून नमुना बाद. आंबलेल्या रसाचा नमुना आम्ही असाच मोरीत ओतायचो.

मधातली भेसळही याच फरकावरून पकडतात, हे जाता जाता सांगतो. मधमाश्या ज्या फुलांवर जातात ती बहुतेक सी-थ्री; मधात उसाची किंवा मक्याची साखर मिसळली की आकडा सरकतो. मग भेसळवाल्यांनी काय करावं? तांदळाचं सिरप घालायला सुरुवात केली. तांदूळ सी-थ्री, त्यामुळं ही चाचणी गप्प. चोराला शास्त्राच्या मर्यादा शास्त्रज्ञाच्या आधी कळतात.

माझी आज्जी माण तालुक्यातली, म्हसवडच्या बाजूची. तिच्या हाडांत काय निघालं असतं याचा हिशेब मी हौसेनं मांडून पाहिला. जोंधळ्याची भाकरी दोन्ही वेळेला, खरिपाची बाजरी असेल तेव्हा बाजरीची, सकाळी ताकातल्या कण्या, थंडीत हुलग्याचं माडगं. भात पाव्हणा आला तर. चपाती लग्नाकार्यात. पुढं आमच्याकडं वाळव्याला राहायला आली तेव्हा ताटात चपाती बघून म्हणायची, "ह्येनं काय प्वाट भरतंय व्हय? वारा भरल्यागत हुतंय." नुसत्या भाकरीवर पाहिलं तर तिचा आकडा उणे ७ च्या जवळ जायला हवा. पण हुलगा, मटकी, तुरीची आमटी ही सगळी सी-थ्री, आणि कोलॅजेन आपला कार्बन मुख्यतः अन्नातल्या प्रथिनांतून घेतं. डाळीत प्रथिनं जास्त. त्यामुळं वाटीभर आमटी भाकरीला आपल्या वजनापेक्षा जास्त खाली ओढते. माझा अंदाज उणे ९-१० चा. शिवाय दगडी कोळसा आणि तेल जाळून आपण हवेतला कार्बनच हलका करून ठेवला आहे. कारखानदारी सुरू होण्याआधीच्या मानानं हवेचा आकडा आता दर हजारी सुमारे दोननं खाली गेला आहे. आज्जीची तुलना तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाईशी करायची तर ही दुरुस्ती आधी करावी लागेल.

आणि एवढं करूनही हाड काय सांगेल? 'सी-फोर'. जोंधळा की बाजरी, नाचणी की मका, हे नाही. भाकरी, आंबील, कण्या की हुरडा, हे तर नाहीच.

जोंधळ्याला आपलं आद्य धान्य मानायची आमच्याकडं सवय आहे. भाकरी म्हणजे मातीचं, पहिल्यापासूनचं. चपाती म्हणजे अलीकडची, रेशनच्या गव्हासोबत आलेली. ही मांडणी तीन-चार पिढ्यांपुरती खरी आहे. त्यामागं गेलं की पट उलटतो. ज्वारी, बाजरी आणि नाचणी तिन्ही आफ्रिकेतल्या. भारतात त्या साधारण चार हजार वर्षांपूर्वीपासून हळूहळू आल्या. दख्खनमधल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांचं जे गाव सगळ्यात तपशिलानं खणलं गेलं ते इनामगाव, शिरूरजवळ घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं तिथं खोदाई केली. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं हे गाव. त्यांचं मुख्य धान्य जव. सोबत गहू, मसूर, वाटाणा, हुलगा. जव म्हणजे सी-थ्री. आपण ज्यांना भाकरीचे मूळपुरुष समजतो त्यांच्या पोटात आज्जीला नको असलेल्या गव्हाचा भाऊबंद होता. कृष्णेच्या खालच्या अंगाला, कर्नाटकातल्या जळलेल्या शेणाच्या राखेच्या ढिगाऱ्यांजवळ राहणारे गुराखी-शेतकरी मात्र त्याआधीपासून देशी बारीक तृणधान्यं आणि हुलगा पिकवत होते, आणि ती तृणधान्यं सी-फोर. म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्याच्या एका बाजूला जव खाणारे आणि दुसऱ्या बाजूला बारीक धान्य खाणारे. मधे, आमच्याकडं, काय शिजत होतं हे सांगायला हाडं हवीत.

हाडं हवीत, आणि त्यात कोलॅजेन हवं. अडचण इथं सुरू होते. कोलॅजेन थंडीत टिकतं. युरोपात, सैबेरियात हजारो वर्षांनी ते हवं तेवढं मिळतं. आपल्याकडं उन्हाळा चाळीस अंशांचा, त्यावर पावसाळ्याचं पाणी, त्यावर भेगाळणारी आणि फुगणारी काळी माती. पुष्कळदा हाड दिसायला धडधाकट आणि आतून रिकामं. भारतात या पद्धतीचं काम युरोपच्या मानानं थोडं झालं, त्याचं एक कारण पैसा आणि यंत्रं हे असेल, पण मोठं कारण ऊन-पाऊस. इनामगावच्या हाडांतली सूक्ष्म मूलद्रव्यं मोजून आहाराचा अंदाज करण्याचा प्रयत्न डेक्कन कॉलेजात झाला होता, आणि तो उत्खननाच्या १९८८ च्या अहवालात आहे. पण पुढं जगभरच त्या रीतीबद्दल शंका वाढली. पुरलेलं हाड मातीतल्या पाण्यातून मूलद्रव्यं शोषून घेतं. मोजणारा माणूस आहार मोजतोय की माती, हे ठरवता येत नाही.

म्हणून आपल्याकडं भिस्त दातांवर. दाताचं वरचं कवच शरीरातलं सगळ्यात कठीण, त्यात मातीचं पाणी सहज शिरत नाही. त्या खनिजातही कार्बन असतो, कार्बोनेटच्या रूपात. आणि तो येतो सगळ्या जेवणातून: पिष्ट, साखर, तेल, प्रथिनं, सगळं मिळून. कोलॅजेन आणि कवच यांच्या साक्षी म्हणूनच जुळत नाहीत. कोलॅजेनला मुख्यतः आमटी, दूध, मटण दिसतं, तर कवचाला भाकरी दिसते. आम्ही पोत्यांनी साखर काढली, तालुकाच्या तालुका तिच्यावर उभा राहिला, दिवसातून पाच-पाच कप चहात ती लोकांच्या पोटात गेली, आणि कोलॅजेनच्या लेखी तिची नोंद जवळजवळ नाही. साखरेत प्रथिन नसतं ना.

दूध मात्र तिथं नक्की दिसतं, आणि उसाचा खरा शिरकाव दुधातून आहे. कृष्णाकाठी गळिताच्या हंगामात म्हशीपुढं काय पडतं? वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. बाकी वर्षभर कडबा, मका, हत्तीगवत. सगळं सी-फोर. म्हैस स्वतः सी-फोर, तिचं दूध सी-फोर. इस्लामपुरातला एखादा चपाती-भात खाणारा, भाकरीला महिनोन्‌महिने हात न लावणारा माणूस घ्या. रोज दूध, दही, ताक, खवा, कधी कंदी पेढे. त्याचं कोलॅजेन ज्वारी खाणाऱ्याच्या दिशेनं सरकलेलं निघेल. हे हडप्पाकालीन गुजरातेतही दिसतं: बगसरासारख्या ठिकाणच्या गाई-म्हशींच्या दातांत सी-फोर चाऱ्याचा ठसा मिळाला आहे. अशा जागी माणसाचा आकडा वर सरकला तर त्यानं बाजरी खाल्ली की बाजरीचा कडबा खाल्लेल्या गाईचं दूध प्यायलं, हे एका आकड्यावरून सांगायचा हट्ट कुणी करू नये.

यातून वाट काढायला नायट्रोजन मदतीला घेतात. जड नायट्रोजन, नायट्रोजन-१५, अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला तीन ते पाच अंकांनी वाढतो. गवतापेक्षा शेळीत जास्त, शेळीपेक्षा शेळी खाणाऱ्यात जास्त. डाळी हवेतला नायट्रोजन घेतात म्हणून त्या तळाला. ऐकायला सोपं, आणि शाकाहार-मांसाहाराचा वाद कायमचा मिटवेल असं. तसं होत नाही. ऑक्सफर्डमध्ये १९९० च्या दशकात जिवंत माणसांच्या केसांवर तपासणी झाली. दूधदेखील न घेणारे लोक खाली गेले. दूध-अंडी घेणारे शाकाहारी मात्र मटण खाणाऱ्यांच्या जवळपास तिथंच. दूधही प्राण्याच्याच शरीरातून येतं, पायरी तीच. म्हणजे पंढरीची वारी करणारा, गळ्यात माळ घातलेला आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याभर दूध पिणारा माळकरी आणि त्याचा रविवारी मटण आणणारा शेजारी यांच्यात यंत्राला भेद करणं कठीण. माळेचं पावित्र्य कोलॅजेनला कळत नाही.

त्यात शेणखत. गोठ्यातलं खत पडलेल्या शेतातल्या धान्यात जड नायट्रोजन वाढतो. आज्जीच्या रानात उकिरड्याचं खत जायचं, माझ्या भावाच्या रानात युरियाची पोती. युरियातला नायट्रोजन कारखान्यात हवेतून पकडलेला, त्याचा आकडा शून्याच्या आसपास. एकच ज्वारी, एकच भाकरी, पण शेणखताची खाणारी आज्जी कागदावर जास्त मटण खाणारी दिसेल आणि युरियाची खाणारा नातू वैराग्य घेतलेला. आज्जीला हे सांगितलं असतं तर पदर तोंडाला लावून हसली असती. तिच्या वाट्याला मटण म्हणजे जत्रेचं, तेही पुरुषांच्या पंगती उठल्यावर रश्श्यात जे उरेल ते.

आणि इथं मी थोडा चिडतो. ही सगळी मापं गुणोत्तरांची आहेत. अन्नात कशाचा वाटा किती, एवढंच त्यांतून कळतं. ताटात किती पडलं, हे नाही. शेवटच्या पंगतीला बसलेल्या बाईनं अर्धी भाकरी खाल्ली आणि घरधन्यानं तीन, दोघांचाही कार्बनचा आकडा तोच. पुरुषांना दूध-मटण आणि बायकांना नाही, असा फरक वर्षानुवर्षं राहिला तरच नायट्रोजन काही बोलेल.

बाळांच्या बाबतीत मात्र ही रीत फार चोख चालते. अंगावर पिणारं मूल म्हणजे आईच्या शरीरावर जगणारा जीव, अन्नसाखळीत आईच्या वरची पायरी. त्याचा नायट्रोजन आईपेक्षा दोन-तीन अंकांनी वर जातो आणि उष्टावणानंतर, वरचं अन्न वाढेल तसा, खाली येतो. म्हणून जुन्या वस्त्यांतली मुलं अंगावरून कधी तुटली हे काढता येतं. इनामगावला लहान मुलांची पुष्कळ दफनं आहेत: दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आत बाळ, आणि ते घराच्या जमिनीखालीच. मोठ्यांना आडवं पुरत आणि घोट्यापासून पाय तोडत. मुलांना तसं काही नाही. शेवटच्या काळात, पाऊस कमी झाल्याचं ज्या काळाबद्दल सांगतात त्या काळात, मुलांची वाढ खुंटलेली दिसते, असं ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तिथल्या सांगाड्यांवरून मांडलं आहे.

भुकेचा माग मात्र दात ठेवतात. आयर्लंडमध्ये १८४५ ते १८५२ या वर्षांत बटाट्यावर रोग पडून दुष्काळ पडला. किल्केनी गावात गरिबांना ठेवण्याच्या वर्कहाउसच्या आवारात त्या काळातली सामूहिक दफनं सापडली, सुमारे ९७० माणसं. दाताच्या आतला भाग थरांथरांनी वाढतो आणि एकदा झालेला थर बदलत नाही. ज्युलिया बोमाँट आणि जॅनेट माँटगोमेरी यांनी तिथल्या दातांचे बारीक काप करून कापागणिक कार्बन-नायट्रोजन मोजले, २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बटाटा सी-थ्री. मदत म्हणून अमेरिकेतून आला तो मका, सी-फोर. काही दातांत कार्बनची रेघ एकदम वर चढते: सरकारी मका पोटात गेला तो काळ. आणि त्याआधी नायट्रोजन चढलेला, कारण उपाशी शरीर स्वतःचंच मांस जाळू लागतं, म्हणजे स्वतःच्याच वरच्या पायरीवर जाऊन बसतं. मका मिळाला तसा नायट्रोजन उतरला.

हे वाचताना मला बहात्तर आठवणं साहजिक होतं. बहात्तरच्या दुष्काळात आमचं माणमधलं गाव दुष्काळी कामावर होतं, बाया-माणसं खडी फोडत, पाझर तलावाची माती वाहत. आणि आमच्याकडंही अमेरिकेतून धान्य आलं, लाल मिलो. तिची भाकरी थापताना तुटायची. त्या चवीबद्दल माझ्या वयाचा कुणीही तासभर बोलेल. पण मिलो म्हणजे शेवटी ज्वारीच. किल्केनीच्या मुलाच्या दातात परदेशी मदत चढ बनून उभी राहिली. माणच्या मुलाच्या दातात ती सपाट जाणार, कारण आधीही सी-फोर, नंतरही सी-फोर. तसंच स्थलांतराचं. माणसानं लहानपण कुठं काढलं हे दातातल्या स्ट्रॉन्शियमवरून काढतात. खडक जितका जुना आणि रुबिडियमयुक्त तितकं त्यातल्या स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ चं गुणोत्तर मोठं. आमचा काळा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे खडकांच्या मानानं कोवळा. गुणोत्तर साधारण ०.७०५ च्या आगेमागे. कर्नाटकातल्या कितीतरी जुन्या खडकांत ते ०.७१ च्या बरंच वर जातं. तिकडून कुणी आलं असेल तर लगेच ओळखू येईल. पण माण काय, बीड काय, वाळवा काय, सगळं एकाच काळ्या कातळावर. दरवर्षी बीडहून कोयते घेऊन येणारी, फडात पालं ठोकून राहणारी हजारो ऊसतोड माणसं, त्यांची कोप्यांमध्ये वाढलेली मुलं, ही या शास्त्राला जन्मभर एका जागी बसलेली दिसतील.

बरं, हे दात तरी किती उरणार? संगम माहुली, कराडचा प्रीतिसंगम, सांगलीजवळचं हरिपूर: कृष्णेला जिथं जिथं दुसरी नदी मिळते तिथं आपण अस्थी सोडतो. चितेच्या उष्णतेत कोलॅजेन जळून जातं, आणि जळक्या हाडात जो कार्बन उरतो त्यात सरणाच्या लाकडाचा धूर मिसळलेला असतो. स्ट्रॉन्शियम तेवढं टिकतं. दहनाची रीत जिथं रुळली तिथं आहाराचा कागद कोरा. उरतात ती पुरलेली माणसं: तान्ही बाळं, संन्यासी, नाथपंथी गोसावी, मुसलमान, ख्रिस्ती, आणि सांगली-मिरज-जत भागातले लिंगायत. हजार वर्षांनी कुणी या खोऱ्यातला विसाव्या शतकाचा आहार शोधायला बसला तर एवढ्यांवरून बसेल. आज्जी त्यात नसेल; ती नदीत गेली.

माझी अक्कलदाढ माझ्याजवळ आहे. सांगलीतल्या दातांच्या डॉक्टरांनी काढली तेव्हा मागून घेतली होती, तेव्हा ती नुसती हौस. अक्कलदाढेचं बीज साधारण आठ-नऊ वर्षांच्या वयात धरतं आणि मुळाचं टोक विशीच्या आसपास बंद होतं. मी बहात्तरला दहा वर्षांचा होतो. म्हणजे त्या दाढेत, टोकापासून टोकापर्यंत, माझा तो सगळा काळ थरांनी बसलेला आहे: माणमधलं शेवटचं बरं वर्ष, मिलो, घर बंद करून बाप आम्हाला घेऊन वाळव्याला आला ते, परक्याच्या वस्तीवर आईनं उसाला पाणी दिलं ते. किल्केनीसारखे काप केले तर या सगळ्याचं काय दिसेल याचा मी विचार करतो. जोंधळा, मग मिलो, मग पुन्हा जोंधळा. बेसॉल्ट, मग बेसॉल्ट. आम्ही पार उपाशी कधी राहिलो नाही, त्यामुळं नायट्रोजनही फार हलणार नाही. घरात आजही ज्या वर्षाचं नाव निघालं की बोलणं थांबतं, ते वर्ष रेघेत सापडणार नाही.

मुळाच्या टोकाशी मात्र रेघ झपकन खाली येईल, उणे वीसच्या दिशेनं. कुणी जाणकार म्हणेल, इथं या मुलाच्या आयुष्यात काहीतरी मोठं घडलं. गाव सुटलं, पीक गेलं, कदाचित कुणी आक्रमण केलं. त्या वर्षी मी सांगलीला कॉलेजात आलो होतो आणि विश्रामबागेजवळच्या मेसमध्ये दोन्ही वेळेला चपात्या, भात आणि पातळ आमटी मिळायची. आयुष्यात तेवढं पोटभर आणि बिनघोर मी कधी जेवलो नव्हतो.